निवडणुकीचा धोका आणि युद्धाचा धोका एकच समजू नका

दरवेळी तेच. टीव्हीवर कुणीतरी 'राजकीय अनिश्चिततेमुळे अर्थव्यवस्था चिंतेत' म्हणतं, आणि रत्नागिरीत मासळी उतरते त्या मिरकरवाड्याच्या जेटीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत सगळे निवडणूक आणि युद्ध एकत्र कालवून मोकळे होतात. अहो, दोघांमुळे पैसा हलतो एवढंच त्यांच्यात सारखं आहे.

निवडणुकीचं आपल्याला नव्याने काय सांगायचं. आचारसंहिता लागली की नवी कामं अडतात, निकालानंतर सुटतात. ४ जून २०२४ ला सेन्सेक्स साडेपाच टक्क्यांच्या वर आपटला आणि ७ तारखेला सगळं भरून काढून वर गेला. एक्झिट पोल बघून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता, बंद करणाऱ्यांना मी कितीदा सांगितलंय, नका करू.

खरा घोळ होतो तो तारखेचा. निवडणुकीतल्या अनिश्चिततेला तारीख असते, मतदानाची ठरलेली, मोजणीची ठरलेली, म्हणजे नवीन बोट बांधायची की नाही हा निर्णय दोन महिने पुढे ढकलला तर त्यात शहाणपण आहे कारण दोन महिन्यांनी खरंच जास्त माहिती हातात येते. युद्धाला निकालाचा दिवस नसतो. तिथे 'थांबूया, निवळेल' म्हणून काही मिळत नाही, फक्त वेळ जातो. आणि लोक नेमकं उलटं करतात, निवडणुकीत घाबरून विकतात आणि युद्धात वाट बघत बसतात!

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले ते घ्या. युरोपला जाणारे कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, दहा ते चौदा दिवस जास्त. आता आपला म्हाकूळ (स्क्विड) स्पेन-इटलीला जातो, तो त्या रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये तेवढे दिवस जास्त राहणार, भाडं वाढलं, विमा वाढला, आणि तिकडचं पेमेंट उशिरा आलं की इकडे कंपनीवाला बोटमालकाचे पैसे लांबवणार, बोटमालक खलाशांचे. सगळी साखळी ताणली जाते. आणि त्याच डिसेंबरात, तीन राज्यांचे निकाल बाजाराला आवडले आणि सेन्सेक्स ७० हजारांच्या वर गेला! म्हणजे इंडेक्स बघून 'सगळं छान चाललंय' म्हणणाऱ्याला जेटीवरचं काही दिसतच नव्हतं. म्हणून माझं ठाम मत, निवडणुकीत थांबा, युद्धासाठी मात्र आधीपासून हातात खेळतं भांडवल ठेवा आणि माल एकाच देशात पाठवू नका.

सरकार बदलल्यावर करार मोडतात हे खरंच आहे, गुहागरवाल्यांना एन्रॉन सांगायला नको. १९९५ ला सत्ता बदलली, नव्या सरकारने एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प रद्द केला, मग परत वाटाघाटी होऊन सुरू केला. पण तिथे समोर बसून बोलायला कुणीतरी होतं. आखाताच्या तोंडाशी होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला तर आपला निर्यातदार कुणाशी बोलणार? आणि खेड, दापोली, मंडणगडातली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर चालतात, त्यांनी कुणाला मत देऊन हा प्रश्न सुटणार आहे?

कधीकधी निवडणूक आणि युद्ध दोन्ही एकाच बिलात येतात. ऑगस्ट २०२५ चा अमेरिकेचा आपल्या मालावरचा ५० टक्के टॅरिफ (आयात कर), ज्याने कोळंबीवाल्यांचं कंबरडं मोडलं. त्यातले पहिले २५ टक्के निवडणुकीतून आलेले, ट्रम्प प्रचारातच टॅरिफ लावणार म्हणून सांगत होते, तयारीला वेळ होता. पुढचे २५ आपण रशियाचं तेल घेतो म्हणून, म्हणजे युक्रेन युद्धातून आलेले. ते कुणाच्याच हिशेबात नव्हते.

आणि पेट्रोल-डिझेल. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेन युद्ध सुरू झालं, ब्रेंट म्हणजे कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या पार गेलं, तरी इथल्या पंपावर भाव हलेना, नोव्हेंबर २०२१ पासून स्थिरच. यूपीसकट पाच राज्यांची निवडणूक सुरू होती. १० मार्चला निकाल लागले, २२ मार्चपासून दरवाढ चालू झाली. 'युद्धाचा आपल्यावर काही परिणाम नाही' असं मधल्या चार आठवड्यांत छातीठोक सांगणारे मी खूप ऐकले. निवडणूक तोंडावर असेल तेव्हा सीझनच्या डिझेलचा हिशेब पंपावरच्या बोर्डावरून करू नका, ब्रेंट आणि डॉलरचा भाव बघून करा.