घरचा माणूस आणि दुभाषी

पुण्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवायला आलेला एखादा कर्णबधिर माणूस डोळ्यांसमोर आणा. कागदात काय लिहिलंय हे त्याला खुणांनी समजावतोय त्याचा सख्खा भाऊ. हिस्सा सोडायचाय तोही त्याच भावाच्या नावे. यात कुणाला वावगं वाटत नाही. "घरचाच आहे, त्याच्या खुणा यालाच कळतात." सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची आचारसंहिता घडली ती याच समजुतीशी झगडत.

समजूत जुनी आहे. 1880 साली मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवावं, असा ठराव केला आणि जगभरच्या बहुतेक वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या. आपल्याकडेही शाळांचा भर पुढे कितीतरी वर्षं उच्चारांवरच राहिला. खुणा जगल्या त्या वसतिगृहात, मधल्या सुट्टीत. जिला भाषाच मानलं नाही, तिचा दुभाषी कोण तयार करणार? मग आईवडिलांसाठी बँकेत बोलणारी दहा वर्षांची मुलगी किंवा शाळेतल्या बाई, हेच दुभाषी.

1964 मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी एका कार्यशाळेत दुभाष्यांची पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी तिची संहिता आली. ऐकलेलं बाहेर बोलू नये, पदरचं घालू नये, झेपणार नाही ते काम घेऊ नये. मात्र जिथे पैशाची सोय नसेल तिथेही काम करायची तयारी ठेवावी, असंही तीत होतं. म्हणजे सेवाभावाचं जोखड पहिल्या फटक्यात उतरलं नाही. (आजही पुण्यात कार्यक्रमाला बोलावणारे मांडववाल्याला पैसे देतात आणि दुभाष्याला नारळ.)

आपल्या कायद्याची चाल आणखी संथ. 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 119 बोलू न शकणाऱ्याची खुणांनी दिलेली साक्ष मान्य करत होतं, पण त्या खुणांचा अर्थ कुणी सांगायचा यावर गप्प होतं. 2012 मध्ये राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, दुभाषी साक्षीदाराच्या परिसरातला असावा, पण त्याचा खटल्यात हितसंबंध नको आणि त्याला शपथ द्यायला हवी. 2013 च्या दुरुस्तीने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि साक्षीचं चित्रीकरण कलमातच आलं. कलम लिहिल्यापासून 141 वर्षांनी! दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं ते त्यानंतर, 2015 मध्ये. तोवर बहुतेकांनी पाहिलेला दुभाषी म्हणजे 1987 पासून दूरदर्शनवर आठवड्यातून एकदा लागणाऱ्या बातम्यांतला.

नियम कागदावर सोपे वाटतात. दवाखान्यात बघा. बाई खुणांनी सांगतात आणि शेजारी उभी असलेली दुभाषी म्हणते, "माझ्या पोटात तीन दिवस दुखतंय." डॉक्टर दचकून विचारतात, "तुमच्या?" दुभाषी हा प्रश्नही खुणांनी पोचवते, बाई हसतात. प्रथमपुरुषी बोलायचं ते एवढ्यासाठीच, की डॉक्टरांनी बोलावं ते रुग्णाशी. मग "यांना काय कळणार, सासूबाईंना आत बोलवा" असं कुणी पुटपुटलं, तर तेही बाईंपर्यंत पोचवायचं. इथे भल्याभल्यांचा हात अडतो. सासूबाईंनी ते वाक्य गाळलं असतं, आणि पाळीचा प्रश्नही.

गोपनीयतेचा नियम पुण्यात जास्तच जड जातो, कारण इथलं कर्णबधिरांचं वर्तुळ लहान. सकाळी कौटुंबिक न्यायालयात जिच्या बाजूला उभं राहिलं, तीच संध्याकाळी ओळखीच्या साखरपुड्यात समोर येते. तिची जाऊ लांबूनच हात हलवून विचारते, "आज कोर्टात दिसलीस, कुणासाठी गेली होतीस?"

दुभाषी खुणेने सांगते, "कामाला," आणि पन्ह्याचा पेला उचलते.