शेतकरी चित्रात, चित्र शेठजीच्या घरात
झाडाखाली एक गडी पाय फाकवून, तोंड उघडं टाकून झोपलाय. शेजारी बायका-पुरुष पाव खात बसलेत आणि मागे अर्धं कापलेलं पिवळंजर्द शेत. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेलचं १५६५ सालचं हे कापणीचं चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. काढवून घेतलं होतं ते आताच्या बेल्जियममधल्या अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक या धनाढ्य व्यापाऱ्यानं, वर्षभराच्या कामांवरच्या मालिकेसाठी. मालिकेतली पाच चित्रं उरली आहेत. पुढच्याच वर्षी हा गृहस्थ दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला आणि ब्रूगेलची सोळा चित्रं त्यानं तारण म्हणून लिहून दिली. म्हणजे घामाची चित्रं तेव्हाच सोन्याच्या भावाची झाली होती!

शेतकरी चित्रात आला तो त्याआधी, प्रार्थनापोथ्यांतल्या महिन्यांच्या पानांवर. लिंबुर्ग बंधूंनी १४१२ ते १४१६च्या सुमारास फ्रान्समधल्या बेरी प्रांताच्या ड्यूकसाठी रंगवलेल्या पोथीत फेब्रुवारीच्या बर्फात शेकत बसलेली माणसं आहेत. पुढे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लाकडी ठशांत गावजत्रेतले झिंगलेले शेतकरी आले. या जत्रा राज्यकर्त्यांना खुपतच होत्या. सम्राट पाचव्या चार्ल्सनं १५३१ मध्ये त्या एका दिवसावर आणल्या.

ब्रूगेलला लोक ‘शेतकरी ब्रूगेल’ म्हणत, पण राहिला तो अँटवर्प आणि ब्रुसेल्समध्ये. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल फान मांडरनं १६०४ मध्ये लिहून ठेवलंय, की तो मित्राबरोबर शेतकऱ्याच्या वेशात खेड्यातल्या लग्नांना जाई, आहेर नेई आणि वधू-वराचा नातेवाईक म्हणून मिरवे. किस्सा पदरचा असेलही. पण व्हिएन्नातलं ‘शेतकऱ्याचं लग्न’ पाहताना तो खरा वाटतो. बिजागरीतून काढलेल्या दारावर वाडगे मांडून दोघे जण वाढायला निघालेत, पिपाणीवाल्याचे डोळे त्या वाडग्यांवर, एक पोर जमिनीवर बसून बोटं चाटतंय. नवरी हिरव्या कापडापुढे हात जुळवून गप्प. नवरदेव कोणता, यावर अभ्यासक अजून भांडतात. ही चेष्टा की जिव्हाळा, यावरही. मला तरी, लग्नात जेवून आल्याशिवाय असं वाढप रंगवता येईल असं वाटत नाही.

ब्रूगेल १५६९ मध्ये गेला. थोरल्या मुलानं बापाच्या चित्रांच्या नकलांवर संसार चालवला. नातजावई डेव्हिड टेनियर्स १६५१ मध्ये दरबारी चित्रकार झाला. त्याच्या जत्रेत शेतकरी नाचतात, पितात, आणि कडेला कधी कधी गाडीतून उतरलेली उंची कपड्यांतली मंडळी उभी दिसतात. गिऱ्हाईक आता चित्रातच येऊन उभं राहिलं होतं.