गोठ्यात नमुना घेण्याआधी: जंतूंच्या जनुकीय अभ्यासासाठी परवानगीचा अर्ज

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळलेलं दूध तिथंच पेल्यात मिळतं. माणूस आणि म्हैस इतके जवळ असलेल्या कोल्हापुरात ब्रुसेलोसिसवर, म्हणजे ब्रुसेला जंतूमुळे जनावरांकडून माणसात येणाऱ्या आजारावर, काम करावंसं वाटणारच. न उकळलेलं दूध प्यायल्याने किंवा गाभडलेल्या म्हशीची वार उघड्या हाताने काढताना हा जंतू माणसात येऊ शकतो. त्याचा जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, जेमतेम ३३ लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा). म्हशीत आणि गोठेवाल्यात सापडलेल्या जंतूंचे जीनोम शेजारी ठेवले की संसर्ग कुठून आला याचा माग लागतो.

पण आधी परवानगी, मग नमुना. नमुने घेऊन झाल्यावर नैतिकता समिती (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी) मागाहून मंजुरी देत नाही. वर्षाची मेहनत वाया जाते.

विद्यार्थ्याने मार्गदर्शकामार्फत अर्ज करायचा. मुख्य संशोधक म्हणून सही त्यांची. समिती केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत हवी. तुमच्या महाविद्यालयात समिती नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं.

सोबत संशोधन आराखडा, मुख्य संशोधकाची माहिती, प्रश्नावली, खर्चाचा अंदाज, हितसंबंधांचं घोषणापत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र जोडा. माहितीपत्रक व संमतीपत्र मराठीत हवंच, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मी पहिला मसुदा एका गोठ्यात वाचून दाखवला, तेव्हा ‘सूक्ष्मजीवांचे जनुकीय अनुक्रमण’ इथे आजोबा थांबले. ‘रक्तात जंतू आहे का आणि कुठल्या जातीचा, ते बघणार’ म्हटल्यावर मान हलली, मग प्रश्न आला, “म्हस न्हेणार न्हाईसा न्हवं?” त्या प्रश्नाचं उत्तर आता आमच्या पत्रकात पहिल्याच परिच्छेदात आहे.

रक्ताच्या नमुन्यात माणसाचा डीएनएही येतो. तो वाचणार का, साठवणार का, किती वर्षं, हे स्पष्ट लिहा. आजार निघाला तर कोण कळवणार आणि उपचारासाठी कुठे पाठवणार, तेही. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो. १२ ते १८ वयाच्या मुलांची पालकांच्या संमतीबरोबर स्वतःची लेखी सहमतीही लागते. संमतीपत्राची प्रत सहभागी माणसाला द्यायची.

म्हशीचं रक्त घ्यायचं तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे ‘फॉर्म बी’ भरावा लागतो. म्हैस मोठ्या जनावरांत मोडते, त्यामुळे शिफारशीनंतर फाईल दिल्लीला सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे, जाते. त्याचा वेळ धरूनच वेळापत्रक आखा. रोजच्या धारेतलंच दूध घेणार असाल तरी परवानगी लागत नाही असं स्वतःच ठरवू नका. समितीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ब्रुसेला धोक्याच्या तिसऱ्या गटातला जंतू आहे, साध्या प्रयोगशाळेत वाढवायचा नाही. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या अर्जात नमुना निष्क्रिय कसा आणि कुठे करणार ते लिहा.

परदेशी प्रयोगशाळेला जंतू पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न येतो. मानवी आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीच्या परवानगीचा. दोन्हींची चौकशी प्रकल्प लिहितानाच करा.

मंजुरीनंतर दरवर्षी प्रगती अहवाल द्यावा लागतो. करवीरमधल्या गोठ्यांसाठी मंजुरी घेतली आणि शाहूवाडीतही नमुने घ्यावेसे वाटले, तर आधी दुरुस्तीचा अर्ज करा आणि उत्तर हाती आल्यावरच बर्फाची पेटी गाडीत ठेवा.