आळशी डोळा: आठव्या वर्षानंतरही पट्टीचा उपयोग होतो

“आता आठवं लागलं, पट्टी लावून काही होणार नाही.” आळशी डोळ्याच्या, म्हणजे एका डोळ्याची नजर कमी राहिलेल्या मुलांबद्दल हे वाक्य आजीपासून चष्म्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. अर्धवट खरं आहे, म्हणूनच इतकं टिकलंय.

आळशी डोळ्यात दोष फक्त डोळ्याचा नसतो. मेंदू त्या डोळ्याचं चित्र नीट वापरायला शिकलेलाच नसतो. कारण तिरळेपणा असेल, जन्मजात मोतीबिंदू असेल किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक. हा शेवटचा प्रकार फार फसवा: डोळे सरळ दिसतात, मूल तक्रार करत नाही.

लहानपणी मेंदू लवकर शिकतो, हे खरंच. पण दार सातव्या वर्षी धाडकन बंद होत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ ते १२ वयोगटात नुसत्या चष्म्याने सुमारे २५ टक्के मुलांची नजर तक्त्यावर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली. जोडीला पट्टी आणि अ‍ॅट्रोपिनचे थेंब (चांगल्या डोळ्याची नजर तात्पुरती धूसर करणारं औषध) दिल्यावर ५३ टक्के. तेराव्या वर्षापुढे फायदा झाला तो मुख्यतः आधी उपचारच न झालेल्यांना. पूर्ण नजर मात्र थोड्यांनाच मिळाली.

आणि हो, पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागतं. किती तास, ते नेत्रतज्ज्ञ ठरवतील. मध्यम दोषात लहान मुलांना बऱ्याचदा रोज दोन तासही पुरतात.