काजळासारखा अंधार, काजळ फासल्यासारखा अंधार

उपमा आणि उत्प्रेक्षा हे दोन अलंकार ओळखायची शाळेत एक युक्ती शिकवतात. वाक्यात सारखा, सम, समान, जसा, परी असं काही दिसलं की उपमा. जणू, वाटे, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. पाठ करा, शब्द हुडका, मार्क घ्या. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतंही. पण ते का बरोबर आलं हे कळत नाही, आणि मग एखादं आडमुठं वाक्य आलं की मुलंच काय, शिकवणारेही अडकतात.

वरच्या शीर्षकातले दोन अंधार घ्या. दोन्हीकडे 'सारखा' आहे. युक्तीप्रमाणे दोन्ही उपमा व्हायला हव्यात, पण तशा त्या नाहीत.

'काजळासारखा अंधार' ही सरळ उपमा. अंधार उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते), काजळ उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), काळेपणा हा दोघांतला साधारण धर्म आणि 'सारखा' हा साम्यवाचक शब्द. काजळ खरोखरच डबीत असतं, अंधार बाहेर असतो. दोन्ही आपापल्या जागी राहतात आणि आपण फक्त त्यांच्यातलं साम्य दाखवतो. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त उपमेची व्याख्या केली ती 'साधर्म्यमुपमा भेदे' अशी, म्हणजे भेद असताना साधर्म्य ती उपमा. त्यातला 'भेदे' महत्त्वाचा. दोन वस्तू वेगळ्या आहेत हे उपमा विसरत नाही.

'काजळ फासल्यासारखा अंधार' म्हटलं की मात्र काहीतरी घडू लागतं. कुणीतरी हात काळे करून आभाळाला काजळ फासतंय. असं कुणी फासलेलं नाही, हे बोलणाऱ्यालाही पक्कं ठाऊक आहे. तरी तो म्हणतो, असंच झालं असावं! ही कल्पना, ही संभावना म्हणजे उत्प्रेक्षा.

हा घोळ आजचा नाही. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात अंधाराचं वर्णन करणारा एक श्लोक आहे: 'लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः'. अंधार जणू अंगांना लेप देतोय, आकाश जणू काजळ बरसतंय. इथे 'इव' (म्हणजे 'सारखा' किंवा 'जणू') आहे, आणि 'इव' म्हणजे उपमा असं काही लोक तेव्हाही धरून बसले होते. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी दंडी या काव्यशास्त्रकाराने 'काव्यादर्शा'त त्यांना सुनावलं, की 'इव' ऐकून तुम्हाला उपमेचा भ्रम झालाय. क्रियापद कधी उपमान होत नसतं. 'लेप देतोय' हे उपमान धरलं, तर उपमेय कोणतं आणि साधारण धर्म कोणता? गंमत म्हणजे त्याच श्लोकात पुढे दुर्जनाची सेवा फुकट जावी तशी दृष्टी निष्फळ झाली, असं म्हटलंय. तिथेही 'इव'च, पण ती मात्र उपमा. एका श्लोकात तीन 'इव', त्यातले दोन उत्प्रेक्षेचे आणि एक उपमेचा. शब्द हुडकणाऱ्याची इथे दांडीच उडते.

मराठीत हे काम '-ल्यासारखा' करतो. 'सारखा'च्या आधी नाम असेल तर बहुधा उपमा. आधी क्रिया असेल, तर उत्प्रेक्षेचा संशय घ्यायला हरकत नाही. पण नुसता संशयच, कारण 'ताप आल्यासारखं वाटतंय' यात कसलाही अलंकार नाही. त्याला काव्यशास्त्र नको, थर्मामीटर हवा. तिथे बोलणारा खराच अंदाज करतोय. उत्प्रेक्षेत खोटं आहे हे माहीत असूनही खऱ्यासारखं म्हटलेलं असतं.

बालकवींच्या श्रावणाच्या कवितेतली ही ओळ बघा: 'मंगल तोरण काय बांधिले नभोमंडपी कुणि भासे'. इंद्रधनुष्य तोरणासारखं वाकलंय एवढंच म्हणून बालकवी थांबले असते, तर ती उपमा झाली असती. त्यांनी तोरण 'बांधिले' म्हटलं आणि बांधणारा 'कुणि'ही आणला. 'भासे' तर आहेच, पण माझ्या मते उत्प्रेक्षेचा खरा जीव त्या 'कुणि'त आहे. शिवाय 'नभोमंडप' हे रूपक, कारण तिथे आभाळ आणि मांडव यांत भेदच उरलेला नाही. एका ओळीत दोन अलंकार सुखाने नांदतात, आणि प्रश्नपत्रिका मात्र एकच ओळखायला सांगते.

उरलं ते 'तिचं मुख जणू चंद्र' हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य. परीक्षेत उत्प्रेक्षा लिहा, 'जणू' आहे म्हणून मार्क मिळतील. एरवी मला ती फार पातळ उत्प्रेक्षा वाटते. 'जणू' काढून 'चंद्रासारखं' घातलं तरी वाक्याचं काही बिघडत नाही. हाच प्रयोग बालकवींच्या ओळीवर करून बघा: 'तोरणासारखं इंद्रधनुष्य'. बांधणारा गेला, मांडव गेला, मंगलही गेलं.