कललेला स्कोप बेस

रायफलीच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या मुख्य धातूच्या भागावर, दुर्बीण (स्कोप) बसवण्यासाठी जी धातूची पट्टी स्क्रूंनी आवळतात तिला बेस किंवा रेल म्हणतात. ही पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची न ठेवता मागच्या टोकाला किंचित उंच घडवली की तो कललेला बेस होतो. त्यावर बसवलेल्या स्कोपचे तोंड नळीच्या अक्षाच्या मानाने थोडे खाली झुकते आणि लांबच्या निशाण्यासाठी स्कोपवरची नेम वर-खाली करणारी घुंडी फिरवायला जास्त वाव मिळतो. कल एमओए (मिनिट ऑफ अँगल) या कोनाच्या मापात सांगतात. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंमी भरतो. ०, १०, २०, ३० आणि ४० एमओएचे बेस मिळतात. लांब पल्ल्यासाठी सर्वांत रूढ आहे तो २० चा.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, बंदुकीशी परिचय नवा नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे बनतात, धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे आणि माजी सैनिक गावोगावी आहेत. शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी आज स्कोपचा प्रश्न पडतो तो केवळ निशाणेबाजीपुरता, आणि बहुतेकांना तो पडतो एअर रायफलवर. त्याची गोष्ट वेगळी असल्याने ती पुढे स्वतंत्र दिली आहे.

तत्त्व : गोळी नळीतून सुटली की लगेच खाली पडू लागते. ज्वारीच्या शेतात माचाणावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार दगड थव्याच्या रोखाने सरळ न सोडता जरा वर सोडतो, तशीच रायफलची नळीही निशाण्याच्या वर रोखावी लागते. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची १७५ ग्रेन वजनाची गोळी १०० यार्डांवर झिरो केली असेल, म्हणजे तिथे ती नेमक्या नेमावर लागेल असा स्कोप लावला असेल, तर १,००० यार्डांवर (९१४ मी.) ती नेमाच्या सुमारे १० मीटर खाली जाते. कोनात सांगायचे तर ३८ एमओएच्या आसपास. तेवढी उंची स्कोपच्या वरच्या घुंडीने भरून काढायची असते.

घुंडी फिरते तेव्हा स्कोपच्या आतली छोटी नळी वर-खाली सरकते. तिला जागा मर्यादित असते. एखाद्या स्कोपची एकूण चाल ६० एमओए असेल तर मध्यापासून ३० वर आणि ३० खाली. सपाट बेसवर १०० मीटरचा झिरो मध्याच्या जवळपासच लागतो, त्यामुळे खालची चाल जवळजवळ सगळी पडून राहते, कारण १०० मीटरच्या झिरोखाली नेम नेण्याची गरज कुणालाच पडत नाही. कललेला बेस हीच पडून राहिलेली चाल वरच्या बाजूला वळवून देतो. स्कोपची एकूण चाल त्याने एका क्लिकनेही, म्हणजे घुंडीच्या एका टप्प्यानेही, वाढत नाही. बेस विकत घेताना बहुतेकांची गल्लत इथेच होते.

स्कोपपूर्वीच्या रायफलींतही हेच होते. .३०३ ली-एनफिल्डची मागची साईट उचलून २,००० यार्डांच्या खुणेवर नेता येई. मागची साईट वर गेली की नेम साधताना नळीचे तोंड आपोआप उचलले जाई. बेसमध्ये ही उचल कायमची घडवलेली असते.

घडण : २० एमओए हा कोन किती लहान आहे हे पट्टी हातात घेतल्याशिवाय पटत नाही. १२७ मिमी लांबीच्या रेलवर दोन टोकांच्या उंचीतला फरक असतो ०.७४ मिमी. डोळ्यांना तो दिसत नाही. व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही टोके मोजली तरच कळतो. म्हणून चांगल्या रेलवर कल कोरलेला असतो आणि पुढची बाजू कोणती तेही. स्वस्त, वाकडी भरलेली रेल या तीन-चतुर्थांश मिलिमीटरच्या हिशेबाची वाट लावते. कल २० सांगितलेला आणि प्रत्यक्षात १४ निघालेला, असे झाले की दोष स्कोपला लागतो.

आजच्या बहुतेक रेली पिकाटिनी मापाच्या असतात. अमेरिकी लष्कराने १९९५ साली मिल-एसटीडी-१९१३ या नावाने हे माप ठरवून दिले : खाच ५.२३ मिमी रुंद, एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी. वीव्हर या जुन्या मापाच्या बेसची खाच ४.५७ मिमीची, आणि खाचांमधले अंतर ठरलेले नाही. म्हणून वीव्हरच्या रिंगा (स्कोप धरणारी कडी) सहसा पिकाटिनीवर बसतात, उलटे मात्र बसेलच असे नाही.

निवड : बेसचा आकडा ठरतो स्कोपच्या चालीवरून आणि नेम साधायच्या अंतरावरून. त्यासाठी घुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून क्लिक मोजावेत. पाव एमओएचे २४० क्लिक भरले तर चाल ६०. स्कोप मिल या कोनाच्या दुसऱ्या मापात असेल तर एक मिल म्हणजे ३.४४ एमओए आणि ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरवर १ सेंमी. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा हे मोजणे भरवशाचे.

वरच्याच .३०८ चे उदाहरण पुढे नेऊ. स्कोप नळीच्या साधारण ४.५ सेंमी वर असतो आणि १०० मीटरपर्यंत गोळी ८ सेंमीच्या आसपास पडते. झिरो लावण्यातच वरच्या चालीतले ४ ते ५ एमओए खर्च होतात. सपाट बेसवर ३० पैकी उरतात सुमारे २६. हवे आहेत ३८. नेम पोचत नाही. बेस २० चा असेल तर वर ४६ उरतात आणि खाली १४ : काम होते, हातात शिल्लकही राहते. ३० चा बेस घेतला तर वर ५६ मिळतात, पण खाली केवळ ४. रिसीव्हरची भोके जराशी चुकलेली असली, रिंगांत थोडा फरक असला, की हे ४ एमओए संपतात आणि १०० मीटरचा झिरोच लागत नाही. ४० च्या बेसवर या स्कोपचा १०० मीटरचा झिरो लागणे शक्यच नाही. एकूण चालीच्या निम्म्याहून कल कमी हवा, आणि तोही पाच-सात एमओए राखून, असे नेमबाज सांगतात. सल्ला रास्त आहे.

मोठा आकडा घ्यावा म्हणजे पुढेमागे उपयोगी पडेल, हा विचार मला पटत नाही. स्कोपच्या काचा मध्याजवळ सर्वांत स्वच्छ दाखवतात. आतली नळी टोकाला गेली की चित्राच्या कडा फिकट पडतात. शिवाय ती गोल घरात सरकत असल्याने वर-खालीचे टोक गाठल्यावर डावी-उजवीकडची चालही आखडते, आणि लांब पल्ल्यावर वाऱ्याची दुरुस्ती करायला तीच हवी असते. वरच्या उदाहरणात २० च्या बेसने स्कोप नेमका मध्यावर येतो तो ६०० यार्डांच्या आसपास, म्हणजे पल्ल्याच्या मधोमध. ज्याचा नेम २००-३०० मीटरपुढे जाणारच नाही त्याने सपाट बेस घ्यावा. ३४ मिमी नळीच्या स्कोपची चाल बहुधा एक इंची नळीच्या स्कोपहून बरीच जास्त असते. अशा स्कोपला ३० किंवा ४० चा बेस शोभतो. .२२ लाँग रायफलची गोष्ट याहून निराळी. तिची गोळी सावकाश जाते. ५० मीटरच्या झिरोवरून २०० मीटर गाठायलाच सुमारे २५ एमओए लागतात, त्यामुळे एवढ्याशा काडतुसाला कललेला बेस .३०८ पेक्षा लवकर लागतो.

काही रायफलींच्या रिसीव्हरवर २० एमओएची रेल कारखान्यातूनच येते. तिच्यावर पुन्हा कललेला माउंट (स्कोप धरणारी बैठक) चढवला की दोन्ही कल एकत्र होऊन ४० होतात. हे आधी पाहावे. पुढची काच ५६ मिमीची असेल तर ती नळीला टेकत तर नाही ना, हेही : रेलच्या पुढे १५० मिमीवर २० एमओएचा कल काचेला ०.९ मिमी खाली आणतो.

खानदेशची हवा : मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हिवाळ्यातल्या पहाटे तो १० च्या आसपास येतो. एवढ्या फरकाने हवा उन्हाळ्यात दहा टक्क्यांहून अधिक विरळ होते. विरळ हवेत गोळीचा वेग कमी घटतो, म्हणून ती कमी पडते. काडतुसातली दारूही उष्णतेने तेज होते. मेमध्ये बेतलेला हिशेब डिसेंबरात काही एमओएंनी अपुरा पडतो. बेस निवडताना थंडीतला आकडा धरावा. हजार मीटरहून उंच तोरणमाळवर हवा आणखी विरळ, तिथे गरज आणखी कमी. उन्हाळ्यात भर दुपारी काळ्या रानावर जी वाफ थरथरते तिच्यापुढे मात्र कोणताच बेस कामाचा नाही. निशाणा जागच्या जागी पोहत राहतो. सराव सकाळीच उरकावा.

परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो, आणि नेम साधायचा तो मान्यताप्राप्त रेंजवर. नेमबाजीचे मोठे लष्करी केंद्र, आर्मी मार्क्समनशिप युनिट, खानदेशापासून फार लांब नाही : धुळे-शिरपूर-सेंधवा या आग्रा रोडवर पुढे महू येथे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १०, ५० व ३०० मीटर रायफल स्पर्धांत मात्र दुर्बीण चालत नाही, तिथे भोकाची साईट असते. त्या वाटेने जाणाऱ्या मुलामुलींनी या बेसवर पैसे घालू नयेत.

एअर रायफल : शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिमी कॅलिबरच्या व २० जूलहून कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून घरोघरची पहिली रायफल हीच. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीत नळी बंद झाल्यावर किंचित खाली झुकलेली राहते. नेमबाज याला ड्रूप म्हणतात. अशा रायफलवर चांगला स्कोपही झिरो होत नाही आणि नवशिक्याला वाटते की स्कोप बिघडला. इथे कललेला माउंट लांब पल्ल्यासाठी नसून नळीचा झुकाव भरून काढण्यासाठी लागतो.

झुकाव घरीच मोजता येतो. स्कोपच्या दोन्ही घुंड्या मध्यावर आणून, मागे भक्कम भिंत व छरा अडवणारी पेटी ठेवून, १० मीटरवर नेम साधावा. नळी सरळ असेल तर छरा साधारण ६ सेंमी खाली लागेल : ४.५ सेंमी स्कोपच्या उंचीचे, बाकी पडण्याचे. तो १२ सेंमी खाली लागला तर वरचे ६ सेंमी झुकावाचे, म्हणजे २० एमओए. तेवढ्याच कलाचा माउंट घ्यावा.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एअर रायफलच्या ११ मिमी खाचेवर माउंट दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे तो उलटा लागण्याची शक्यता राहते. उलटा लागला की झुकाव भरून निघण्याऐवजी दुप्पट होतो. माउंटवरच्या बाणाचे टोक नळीच्या तोंडाकडे असावे. आणि स्प्रिंगचा धक्का आधी मागे, मग पुढे असा दुहेरी असतो. रोखणारी पिन नसलेला माउंट काही डझन छऱ्यांत खाचेवरून मागे सरकतो. पिन रिसीव्हरवरच्या भोकात उतरली आहे हे पाहून मगच स्क्रू आवळावेत, एकेक पुरा न आवळता आळीपाळीने थोडे थोडे.