ट्रॅव्हल एजंट (ठाणे)

ट्रॅव्हल एजंट म्हणजे दुसऱ्यांच्या सहलीचं तिकीट, हॉटेल, गाडी, व्हिसा आणि कुरकुर असं सगळं सांभाळणारा माणूस. व्हिजिटिंग कार्डावर हल्ली ट्रॅव्हल कन्सल्टंट नाहीतर हॉलिडे अ‍ॅडव्हायझर छापतात, पण नौपाड्यात काय नि घोडबंदर रोडला काय, लोक नंबर सेव्ह करतात तो ‘अमुक ताई ट्रॅव्हल्स’ असाच. ठाण्यात हा धंदा दोन तऱ्हांनी चालतो. एक म्हणजे गोखले रोड, राम मारुती रोड, स्टेशनच्या आसपासचे गाळे, काचेवर काश्मीर-केरळ-अंदमान-दुबई चिकटवलेलं आणि आत दोन खुर्च्या ज्यांवर कायम तीन माणसं. दुसरी तऱ्हा घरातली, मानपाड्याच्या नाहीतर कासारवडवलीच्या टॉवरमधल्या बेडरूममधून, एक लॅपटॉप, दोन मोबाइल, त्यातला एक सतत चार्जिंगला. ही नोंद लिहिणारी या दुसऱ्या प्रकारातली आहे, तेव्हा थोडा पक्षपात होईल, समजून घ्या.

ठाणेकरांना प्रवासाचं फार कौतुक सांगू नये, कारण देशातली पहिली पॅसेंजर ट्रेन बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. १६ एप्रिल १८५३, ३४ किलोमीटर, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि चारशेच्या आसपास निमंत्रित पाहुणे, म्हणजे आमच्या भाषेत अख्खा ग्रुप एफओसी, फुकट. त्याच्या १२ वर्षं आधी इंग्लंडात थॉमस कुकने ५ जुलै १८४१ ला लेस्टरहून लफबरोला पाचशेच्या आसपास माणसं रेल्वेने नेली ती मात्र माणशी एक शिलिंग घेऊन, आणि आपला धंदा तिथून सुरू झाला असं धरतात. मराठी घरांना ग्रुप टूरची सवय लावली ती मुंबईतल्या मराठी कंपन्यांनी, केसरी १९८४ ची, वीणा वर्ल्ड २०१३ ची. सोबत टूर मॅनेजर, ताटात वरणभात, बसमध्ये अंताक्षरी, हे इतकं अंगवळणी पडलंय की आपलं आपण जाणारं कुटुंबसुद्धा स्वित्झर्लंडचं कोटेशन घेताना विचारतं, तिथे नाश्त्याला पोहे मिळतील ना?

रोजचं काम

इन्क्वायरी बहुतेक वेळा एका ओळीत येते, ‘ताई मे मध्ये काश्मीर किती पडेल’. यात ना तारीख, ना किती डोकी, ना मुलांची वयं. मग एजंट विचारत बसतो. मुलाचं वय का लागतं तर पाच वर्षांखालचं मूल बऱ्याच हॉटेलांत फुकट, त्यावरचं म्हणजे ‘विदाउट बेड’ की ‘एक्स्ट्रा बेड’ यावरून हजारांचा फरक. माणसांना पॅक्स म्हणतात. फक्त नाश्ता म्हणजे सीपी, नाश्ता आणि रात्रीचं जेवण म्हणजे एमएपी, तिन्ही त्रिकाळ म्हणजे एपी. तिकडची गाडी-हॉटेलं लावून देणारा स्थानिक माणूस म्हणजे डीएमसी, आणि एजंटची अब्रू खरी त्याच्या हातात असते, कारण श्रीनगरला पावसात उभं राहून ड्रायव्हर शोधणाऱ्या काकूंना डीएमसी माहीत नसतो, आपणच माहीत असतो.

माझा स्वतःचा नियम, बजेट नंतर विचारायचं, गुडघे आधी. केदारनाथला गौरीकुंडापासून १६ किलोमीटरच्या वर चढण आहे, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथे पहिला दिवस नुसतं पडून राहायचं असतं, हे आधी बोललं नाही तर तिथे गेल्यावर भांडण. लेहचा पहिला दिवस रिकामा बघून एका काकांनी मला ‘एक दिवसाचे पैसे फुकट घेताय’ असं सुनावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोकं धरलेला फोटो पाठवला, वर काही लिहिलं नव्हतं.

वारांचं गणित ही या धंद्यातली बाराखडी. ताजमहाल शुक्रवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, म्हणून संभाजीनगरची टूर रविवार-सोमवार अशी पाडली की पहिल्या दिवशी अजिंठा आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ, उलटं केलं की बोंब. रोहतांगलाही मंगळवारी टुरिस्ट गाड्या सोडत नाहीत, ताडोबा मंगळवारी बंद आणि पावसाळ्यात १ जुलैपासून तीन महिने कोअर झोन बंदच. श्रीनगरचं ट्युलिप गार्डन २००७ साली सुरू झालं, ते मार्चअखेरपासून जेमतेम महिनाभर फुललेलं असतं, पण फोटो बघून लोक मे महिन्यात मागतात. चारधामची दारं अक्षय्य तृतीयेच्या आसपास उघडतात आणि केदारनाथ भाऊबीजेला बंद होतं, तरी दिवाळीच्या सुट्टीत केदारनाथ करून देता का म्हणून दरवर्षी दोन-तीन फोन येतातच.

नाव आणि तारीख

सगळ्यात जास्त डोकं खातात ती नावं. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आधारवर एक, पॅनवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. काका टेबलाशी बसून सांगतात, ‘हिचं लग्नानंतरचं नाव घाला, सगळे तेच म्हणतात’. मी म्हणते, काका पासपोर्ट बघू. बघते तर माहेरचं. ‘अहो लग्नाला अडतीस वर्षं झाली’ काका म्हणतात, आणि मग काकू शांतपणे, ‘पासपोर्ट आईकडे असताना काढला होता, पुढे त्याच नावाने नवा होत राहिला, तुम्हाला कधी बदलून घ्यायला वेळ मिळाला?’ अशा वेळी एजंटने छताकडे बघायचं असतं. तिकिटावर पासपोर्टातलंच नाव घालायचं, बाकी नातं विमानतळावर चालत नाही. यूएईने तर नोव्हेंबर २०२२ पासून आडनाव नसलेला, एकाच शब्दाचा पासपोर्ट टुरिस्ट व्हिसाला चालत नाही असं केलंय. बदलायचाच असेल तर वागळे इस्टेटमधलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. आणि पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने शिल्लक पाहिजे हे मी प्रत्येकाला तीनदा सांगते, तरी कोणी ना कोणी पाच महिनेवाला घेऊन येतोच.

तारखेचा घोळ त्याहून वाईट, कारण तो आपल्यालाही चावतो. प्रस्तुत लेखिकेने सुरुवातीच्या दिवसांत एका कुटुंबाला रात्री १२:२० च्या विमानाची तिकिटं काढून दिली, १४ तारखेची. १४ तारीख म्हणजे १३ ची रात्र जेवून निघायचं, हे मला माहीत होतं, त्यांना मी सांगितलं नाही. ते १४ ला रात्री नऊला चार बॅगा, एक आजी आणि मोदकांचा डबा घेऊन एअरपोर्टवर पोचले तेव्हा विमान जाऊन वीसेक तास झाले होते. नवीन तिकिटांचे निम्मे पैसे मी भरले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेसेजमध्ये पहिली ओळ अशी असते : शुक्रवारी रात्री घरी जेवा, साडेआठला गाडी सोसायटीच्या गेटवर. वेळ आकड्यांत खाली.

युरोप म्हणजे वेगळं पुराण. शेंगेनचा व्हिसा एक, देश २९, पण अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सगळ्यात जास्त रात्री आहेत, आणि निदान ३० हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स हवाच. मग लोक म्हणतात पॅरिसची एक रात्र कमी करा, स्वित्झर्लंडची वाढवा, की सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून. बँक स्टेटमेंट मागितलं की ठाण्यातली सभ्य माणसं एकदम गप्प होतात.

पैसे

लोकांना वाटतं एअरलाइन भरपूर कमिशन देते. एके काळी द्यायची, ९ टक्के, मग ७ झालं, मग ५, आणि २००८ च्या शेवटी भारतीय कंपन्यांनी ते शून्यावर आणलं. आता तिकिटावर एजंट स्वतःचा सर्व्हिस चार्ज लावतो आणि तो लावला की समोरचा फोन काढून अ‍ॅपवरचा रेट दाखवतो. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी. परदेशी टूरवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे एजंटने गिऱ्हाइकाकडून आधीच गोळा करायचा आयकर आला, दर मधूनमधून बदलतात, आणि हा पैसा आपल्या खिशात जात नाही, तुमच्याच पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता होतो, हे समजावण्यात जितका वेळ जातो तितक्यात एक शिमला बुक होईल. कोटेशन घेऊन तेच घोडबंदरला दुसरीकडे दाखवून हजार रुपये कमी करून घेणं हा तर शहराचा छंदच. म्हणून काहींनी आधी पाचशे-हजार घ्यायला सुरुवात केलीय, बुकिंग झालं की बिलात वळते करतात. योग्य आहे, माझ्या मते.

रेल्वेत पैसा जवळपास नाहीच, पण गणपती आले की सुटका नाही. ठाण्यातली अर्धी माणसं कोकणातली, कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली आणि तेव्हापासून गणपतीचं तिकीट हा घराघरातला विषय. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ रिझर्व्हेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, काही मिनिटांत वेटिंग लागतं. तत्काळ एसीला सकाळी १० आणि नॉन एसीला ११, पण जुलै २०२५ पासून पहिला अर्धा तास एजंटला तत्काळ काढताच येत नाही, म्हणजे जेव्हा तिकीट असतं तेव्हा आम्ही नुसतं बघत बसायचं. शेजारच्या मावशींना हे पटत नाही. ‘तुझं तर ऑफिस आहे ना याचं?’

वाईट दिवसही येतात. मार्च २०२० मध्ये सगळंच थांबलं आणि वर्षभर आम्ही फक्त रिफंड मागत होतो, कोणाकडून तरी कोणासाठी तरी. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला हल्ला झाला, २६ माणसं गेली, त्यातली तिघं डोंबिवलीची, म्हणजे इथून पाच स्टेशनांवर राहणारी. त्या संध्याकाळी माझे सात पॅक्स श्रीनगरला होते. रात्री साडेअकराला शेवटच्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठे पाणी प्यायले.

फिरायची हुक्की कुठून येते

लोक म्हणतात रील्स बघून. थोडं खरं आहे. पण ठाण्यात खरी जाहिरात होते ती लिफ्टमध्ये, समोरच्या फ्लॅटमधले केरळहून आले आणि त्यांनी केळ्याचे वेफर्स वाटले की पुढच्या आठवड्यात त्याच मजल्यावरून मला केरळची इन्क्वायरी. एका सोसायटीतून एका दिवाळीत पाच घरं अंदमानला गेली होती, पाचही वेगवेगळ्या तारखांना, कारण एकमेकांसोबत नको होतं.

एजंटला स्वतःला हुक्की येते ती फार बारीक गोष्टींतून. सकाळी ठाणे स्टेशनला कोकणात जाणारी मांडवी एक्सप्रेस लागते, दारात उभी असलेली माणसं, खिडकीतून आत सरकवलेला वड्यांचा पुडा, आपण मात्र लोकलच्या प्लॅटफॉर्मवर. तलावपाळीवर संध्याकाळी पायाच्या बोटी. येऊरला पहिल्या पावसात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्याच कडेला, फुकटात आणि पाऊण तासात परत. पाहुण्यांना काय दाखवू विचारलं की मी ऐरोली सांगते, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ ला रामसर यादीत गेलं, आणि ऐरोलीहून वनखात्याची बोट भरती बघून सुटते. यात मला एक रुपया सुटत नाही. पण भरतीची वेळ बघून सीट धरून दिली आणि समोर गुलाबी पट्टा दिसला की तीच माणसं पुढच्या वर्षी कच्छचं बुकिंग करतात, हेही खरं.

सध्याचा घोळ

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुटायला लागली. ठाणेकरांना सोय, पण आता एका शहराच्या नावाने दोन विमानतळ, आणि जुन्यात पुन्हा टी वन, टी टू अशी दोन टर्मिनलं. सर्चमध्ये स्वस्त दिसलं म्हणून जाताना बीओएम म्हणजे जुना, येताना एनएमआय म्हणजे नवा, असं तिकीट लोक स्वतःच काढतात, गाडी पार्क करतात अंधेरीला आणि उतरतात उलव्याला. परवाच एका दादांचा फोन आला, बॅगा घेऊन टी टू ला उभे होते, म्हणाले ताई बोर्डवर आमचं विमानच नाहीये. मी म्हटलं दादा, तिकिटावर तीन अक्षरं कुठली आहेत ती वाचा. त्यांनी वाचली, आणि मग बराच वेळ फोनवर फक्त टॅक्सीवाल्यांचे आवाज येत होते.